पुण्यामा खोली जोयजे

जून लागला की अमळनेरात आमच्या ओट्यावरची वर्दळ वाढते. कोणाचा मुलगा चाकणला कंपनीत लागलेला असतो, कोणाची मुलगी कॉलेजला निघालेली. बोलणं पेरणीवरून सुरू होतं, चहा येतो, आणि मग हळूच, "मना पोऱ्याले पुण्यामा खोली जोयजे." स्वस्तातली हवी आणि फसायला नको. मी तिकडे 11 वर्षं भाड्याने राहिलो, पाच घरं बदलली आणि एकदा रीतसर फसलो. बहुधा त्या फसण्यामुळेच मला विचारतात.

तर आधी तेच सांगतो. 2018 ची गोष्ट. सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं आणि मी अजून अमळनेरातच. मोबाईलवर वारज्यातला वन बीएचके दिसला, भाडं 8,000. तिथे तेवढं घर या भावात मिळत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. फोन केला तर पलीकडे 'फौजी'. जम्मूला पोस्टिंग आहे, घर रिकामं पडलंय, पैशांचं काही नाही, माणसं चांगली हवीत. वर्दीतला फोटो, आधार कार्ड, सगळं व्हॉट्सॲपवर हजर. घर बघायला सोसायटीचा गेटपास लागतो म्हणाला, 2,500 रुपये, नंतर परत. मी पाठवले. मग म्हणाला, ते पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा, 16,000 दिसतील, घाबरू नका, पिन टाका. मी टाकणारच होतो. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "पैसे आपल्याकडे येताय ना? मग पिन कशाला?"

पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. एवढं साधं, पण त्या क्षणी सुचत नाही. 2,500 मात्र गेलेच. रविवारी तरीही त्या पत्त्यावर गेलो. वॉचमन हसला. या महिन्यात मी चौथा होतो. गेटपास वगैरे काही नव्हता, वहीत नाव लिहिलं की सोडत होते. आता असं झालं तर पहिल्या तासाभरातच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लाजेपायी दोन दिवस घालवले की पैसा पुढे सरकलेला असतो.

हे आपल्याच बाबतीत का होतं? आपण चारशे किलोमीटरवर. पोराची बॅग भरलेली, आईने बिबड्या बांधून दिलेल्या, आणि जागा ठरल्याशिवाय गाडीत बसवायचं कसं ही घालमेल. भामट्याचा धंदा त्या घालमेलीवर चालतो. म्हणून माझं म्हणणं एकच, खोली इथून ठरवू नका. पोराला आठ दिवस नातेवाइकाकडे किंवा कॉटबेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, ठेवा आणि पायी फिरू द्या. दाराचं कुलूप डोळ्यांसमोर उघडल्याशिवाय टोकनसुद्धा नाही.

माझी सगळ्यात स्वस्त खोली अशी फिरतानाच मिळाली. पिंपरी-चिंचवडकडे खान्देशी माणूस मुबलक. श्रावणात तिकडेही आपली कानबाई देवी बसते. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत फुगडी खेळून दमलेल्या एका मावशींनी गाव विचारलं, आणि त्यांच्या जावेची चिखलीतली वरची खोली रिकामी निघाली. दलाली शून्य. सगळे दलाल चोर नसतात, पण एका महिन्याचं भाडं घेतात, तेव्हा आकडा आधी बोलून घ्या. नुसती जागा दाखवायचे पैसे मागणाऱ्याला रामराम करा.

मालक खरा कोण, हे लाईट बिल आणि इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, बघून कळतं. मागायला संकोचू नका, तो आपलं आधार मागतोच ना. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं सांगणारे भेटतील. लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. त्या खोट्या आहेत हे मालकाने सिद्ध करायचं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, वर मुद्रांक शुल्क पाव टक्का. अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी येतो, त्याचे वेगळे.

डिपॉझिटचं दुखणं मात्र शेवटच्या दिवशी कळतं. रंगाचे पैसे म्हणून एका मालकाने माझे 6,000 कापले, भिंतीला ओल माझ्याआधीपासून होती तरी. तेव्हापासून सामान आत नेण्याआधी मी भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढून मालकालाच पाठवायचो. आणि पाणी किती वाजता येतं, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा.

कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधी मला पाठवा, नाहीतर ओट्यावर घेऊन या, वाचून देतो. संध्याकाळी सहानंतर या, दुपारी ओटा तापलेला असतो.