हत्तीला हात न लावता

उत्तर थायलंडमधील चियांग माई प्रांतातल्या एका हत्ती आश्रयस्थानात मी चार आठवडे स्वयंसेविका म्हणून राहिले. हत्तींना आंघोळ घालायला मिळाली का, असे आता अनेकजण विचारतात. मिळाली नाही, आणि हे ठिकाण निवडण्याचे कारणही तेच होते. जिथे पाहुण्यांना हत्तीच्या पाठीवर बसण्याची किंवा त्याला बिलगून छायाचित्र काढण्याची मुभा असते, तिथे त्या हत्तीला दिवसभर परक्या माणसांच्या मर्जीने उभे राहावे लागते. आणि ही आज्ञाधारकता बहुधा त्याला लहानपणीच आईपासून तोडून, बांधून आणि मारून शिकवलेली असते.

आमचा दिवस लीद उचलण्यापासून सुरू होई. प्रौढ आशियाई हत्ती दिवसाला सुमारे 150 किलो चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून कमी भाग त्याला पचतो, त्यामुळे हे काम पुष्कळ असते. ते महत्त्वाचेही असते, कारण ओल्या घाणीत उभे राहिल्याने तळवे आणि नखे सडतात, आणि पाळीव हत्तींच्या जिवावर बेतणाऱ्या दुखण्यांमध्ये पायाचे दुखणे फार वरचे आहे. शिवाय लीद फोडून पाहिली की हत्तीच्या दाढांची अवस्था कळते: तंतू लांब आणि अखंड असतील तर चावणे नीट होत नाही.

माझ्याकडे सोपवलेली हत्तीण साठी ओलांडलेली होती. तिची उमेदीची वर्षे लाकडाचे ओंडके ओढण्यात गेली. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण थायलंडमध्ये पूर आणि दरडींनी शेकडो बळी घेतल्यावर सरकारने 1989 च्या जानेवारीत नैसर्गिक जंगलातील लाकूडतोड बंद केली. जंगलासाठी तो निर्णय योग्यच होता. मात्र त्या धंद्यावर जगणारे हत्ती आणि माहूत एकाएकी निराधार झाले आणि त्यांतले कितीतरी पर्यटनाकडे, काही तर शहरांच्या रस्त्यांवर भीक मागण्याकडे वळले. तिथल्या 1939 च्या कायद्यानुसार पाळीव हत्ती हे ओझ्याचे जनावर गणले जाते, हे ऐकल्यावर मला तिच्या पाठीवरचे जुने वण वेगळ्या नजरेने दिसू लागले.

हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. तिचा शेवटचा संच झिजला होता, त्यामुळे ती हत्तीगवत चघळून त्याचा चोथा टाकून देई. म्हणून आम्ही गवताची बारीक कुट्टी करत असू आणि भात, केळी व चिंच एकत्र मळून गोळे वळत असू. तिचा माहूत कारेन या डोंगराळ भागातल्या आदिवासी समाजातला, मोजके बोलणारा. ती रात्री कशी चघळते हे तो झोपडीतून कान देऊन ऐके. 2020 मध्ये पर्यटक येईनासे झाले तेव्हा अनेक माहूत आपापल्या हत्तींना घेऊन डोंगरातल्या गावांकडे पायी परतले होते. चाऱ्याचा खर्च पाहुण्यांच्या पैशांतून निघतो आणि पाहुणेच हत्तींना त्रासदायक ठरतात, हा पेच त्याने मला दोन वाक्यांत समजावला.

दुपारी तिच्या पुढच्या पायाच्या जखमेवर उपचार होत. मध्ये लोखंडी गजांची भिंत असे. ती आपण होऊन पाय आडव्या गजावर ठेवी, पशुवैद्य जखम धुऊन औषध लावत आणि मी पलीकडून भोपळ्याच्या फोडी देत असे. अंकुश कोणाच्याही हातात नसे. एके दिवशी ती तिसऱ्याच मिनिटाला पाय काढून निघून गेली. कोणीही तिला हाक मारली नाही. पशुवैद्यांनी भांडी आवरली आणि उद्या पाहू म्हणाले. इतक्या वर्षांत तिचा नकार कोणी मानला असेल का, हा विचार त्या संध्याकाळी माझ्या मनातून जाईना.

अशा कामासाठी जाणाऱ्यांनी आधी एवढे विचारावे की पिल्ले कुठून येतात, साखळी किती वेळ असते, आणि आजारी स्वयंसेवकाला दूर ठेवतात का. माणसाचा क्षयरोग हत्तीला होऊ शकतो, त्यामुळे खोकला झालेल्या एका सहकाऱ्याला आमच्याकडे कुट्टीच्या यंत्राच्या पलीकडे, हत्तींजवळ जाऊ दिले नव्हते.

निघण्याच्या सकाळी माहुताने तिची लीद फोडून माझ्यापुढे धरली. पहिल्या आठवड्यात वीतभर दिसणारे तंतू आता जेमतेम बोटाच्या पेराएवढे होते. त्याने मान डोलावली आणि मी कुट्टीची पुढची टोपली भरायला घेतली.