लिव्हरच्या ऑपरेशननंतर एसजीपीटी हजारावर गेलं, माझा अनुभव

मागच्या वर्षी माझ्या लिव्हरचा एक तुकडा काढला, गाठ होती, ती साधीच निघाली त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. घरच्यांची खरी झोप उडवली ती नंतरच्या ब्लड रिपोर्टने.

सर्जननी आधीच सांगितलेलं की लिव्हर कापताना फार रक्त जाऊ नये म्हणून आत जाणाऱ्या रक्तवाहिन्या क्लॅम्प लावून बंद करतात, साधारण १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, परत बंद. प्रिंगल नावाच्या सर्जनने १९०८ मध्ये ही पद्धत मांडली, अजूनही तीच चालते. रक्त बंद असताना पेशींना ऑक्सिजन मिळत नाही हे समजण्यासारखं आहे, पण रक्त परत सुरू झालं की त्यानेच आणखी इजा होते, सूज वाढते, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला, एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतली एन्झाइम) दोन्ही हजाराच्या वर, नॉर्मल चाळीसच्या आसपास असतं! बायकोने लगेच ज्युनिअर डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, अहो ताई, पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम रक्तात सांडतं, हा आकडा म्हणजे काय सांडलं त्याचा हिशोब, उरलेलं लिव्हर काम करतंय का ते आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) आणि बिलिरुबिनमध्ये (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) बघा. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं आणि त्यातले काही तर काही तासांतच संपतात, त्यामुळे लिव्हर थकलं की आयएनआर पटकन वाढतो. (मध्ये प्लाझ्मा, म्हणजे गोठवणारे घटक असलेला रक्ताचा पातळ भाग, दिला असेल तर मात्र आयएनआर उगाच चांगला दिसतो, हे पण त्यांनीच सांगितलं.)

मग आम्ही रोज आधी आयएनआर बघायला लागलो. एसजीओटी भराभर उतरलं आणि एसजीपीटी रेंगाळलं, भावाला वाटलं काहीतरी बिघडलंय, पण एसजीओटी रक्तात साधारण १७ तासांत निम्मं होतं आणि एसजीपीटीला जवळजवळ ४७ तास लागतात, म्हणजे ते मागे राहणारच. एका सकाळी एलडीएच (पेशींतलंच आणखी एक एन्झाइम) एकदम उडालं, सिस्टरने सॅम्पलची ट्यूब उजेडात धरून दाखवली तर वरचं पाणी लालसर, रक्त काढतानाच लाल पेशी फुटलेल्या आणि त्यांच्यातही एलडीएच भरपूर असतं. परत सॅम्पल घेतलं तर आकडा जागेवर.

एन्झाइम उतरत असताना बिलिरुबिन थोडं चढलं, तेही उशिराच चढतं म्हणे, पाचव्या दिवशी त्यावर आणि आयएनआरवर सर्जनची खास नजर होती. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की एन्झाइम उतरणं म्हणजे दरवेळी चांगलंच असं नाही, आयएनआर आणि बिलिरुबिन वाढत असताना ते कोसळलं तर सांडायला पेशीच उरल्या नाहीत असाही अर्थ निघू शकतो. माझं तसं झालं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट होतं, आयएनआर नॉर्मल, सर्जननी एसजीपीटीचा आकडा वाचलाही नाही आणि फाइलवर सही केली, भाऊ मात्र अजूनही दर फॉलोअपला एसजीपीटी किती आलं तेच आधी विचारतो.