घरचे, बाहेरचे, ठेवणीतले

माझ्या वडिलांचे कपडे तीन प्रकारचे होते: घरचे, बाहेरचे आणि ठेवणीतले. घरचे म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बाह्यांचा बनियन. बाहेरचे म्हणजे टेरिकॉटच्या दोन पँटी आणि चार बुशशर्ट, सगळे एकाच घराण्यातले. राखाडी, फिकट राखाडी, मातकट राखाडी आणि चुकून निळ्याकडे झुकलेला एक राखाडी. कापड निवडताना ते दुकानदाराला एकच प्रश्न विचारत, "मळखाऊ आहे ना?" ठेवणीतले कपडे लग्नामुंजीला बाहेर पडत आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन मांडवात शिरत. या तिन्हींत न बसणारा एक चौथा प्रकार असतो आणि त्याला 'कॅज्युअल' म्हणतात, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "म्हणजे नक्की कुठं जायचंय?"

घड्याळ मात्र एकच, एचएमटी जनता. १९७१ साली लग्नात सासरकडून आलेलं. ते 'बाहेरच्या' खात्यात जमा होतं. घरी आले की पँट खुंटीला आणि घड्याळ रेडिओच्या डोक्यावर. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या की ते घड्याळ उचलत, काटे जुळवत आणि किल्ली देत. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे ती किल्ली कुरकुर करत फिरायची आणि एका ठिकाणी आवाज घट्ट व्हायचा, तिथं ते थांबत. आम्हा भावंडांना हात लावायची मुभा नव्हती. "स्प्रिंग तुटेल." डायलवर '१७ ज्वेल्स' असं छापलेलं होतं. आत सतरा माणकं आहेत आणि वेळप्रसंगी ती विकून घर चालेल, असा माझा आणि धाकट्या बहिणीचा पक्का समज होता. माणकं खरोखरच असतात, पण कारखान्यात बनवलेली. चाकांचे आस गुळगुळीत फिरावेत, धातूवर धातू घासून झिजू नयेत, म्हणून बसवलेले ते माणकाचे कण. सतराच्या सतरा विकले तरी एक वेळची भाजी यायची नाही.

आता ते घड्याळ माझ्याकडे आहे, आणि त्याच्यापायी मी एका टोळक्यात ओढला गेलो आहे. रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर आम्ही चौघं जमतो. चौघांच्याही मनगटावर किल्लीची घड्याळं, चौघांचीही वेळ वेगवेगळी. एकाला आम्ही पट्टेवाला म्हणतो. तो कुठल्याही ऑफिसात शिपाई नाही, चांगला चार्टर्ड अकाउंटंट आहे. पण त्याच्याकडे घड्याळं पाच आणि पट्टे एकतीस. दुसरा सोवळेवाला. घड्याळातला प्रत्येक भाग मूळचाच हवा, काचसुद्धा, मग त्या काचेतून वेळ दिसली नाही तरी चालेल. तिसऱ्याला घड्याळातलं काही कळत नाही. त्याचा जीव शर्टात आहे. लिनन की खादी, बाही किती घड्या वर, इन की आउट यावर तो अर्धा तास बोलतो, आणि घड्याळ ही त्याच्या लेखी शर्टाची शेवटची गुंडी.

परवाचा वाद असा होता. शर्टवाला म्हणाला, कॅज्युअल कपड्यांवर 'ड्रेस वॉच' घालायचं नाही, असा नियम आहे. ड्रेस वॉच म्हणजे पातळ, साधं, कातडी पट्ट्याचं, शर्टाच्या कफाखाली अलगद सरकणारं. मी म्हटलं, कुठला कफ? आपल्याकडे निम्मी पुरुषजात अर्ध्या बाहीत वावरते आणि उरलेली निम्मी पूर्ण बाही शिवून घेते ती कोपरापर्यंत दुमडायला. लंडनच्या थंडीत घड्याळ कोटाच्या बाहीत लपून बसत असेल. आपल्याकडे ते बारा महिने उघड्यावर असतं. त्याला घाम लागतो, पाऊस लागतो, लोकलमध्ये शेजारच्याची छत्री लागते. माझे वडील जूनपासून घड्याळावर रुमाल बांधत. मनगटाला जखम झाल्यासारखे दिसत. वेळ विचारली की दाताने गाठ सोडत.

पट्ट्याचं तर विचारूच नका. कातड्याचा पट्टा मुंबईच्या घामात दोन पावसाळे काढत नाही आणि जाताना वास मागे ठेवून जातो. चेन घालावी तर, त्या जुन्या स्प्रिंगच्या चेनीने ज्याच्या मनगटावरचे केस उपटले नाहीत असा माझ्या वयाचा पुरुष सापडायचा नाही. पट्टेवाल्याचं उत्तर तयार असतं: नायलॉन, अठरा मिलिमीटर, ऑलिव्ह. जनताला अठराचाच पट्टा बसतो, हे तो आमच्या अंगावर मंत्रासारखं फेकतो. खरं सांगायचं तर ऑलिव्ह नायलॉनवर ते घड्याळ झकास दिसतं. वडिलांना तो पट्टा एनसीसीचा वाटला असता.

कपडे आणि घड्याळ यांचं नातं तसं जुनं आहे, फक्त पूर्वी घड्याळासाठी कपडे बदलत. जीन्सच्या उजव्या खिशात एक पिटुकला खिसा असतो, ज्यात आजवर कुणी काही ठेवलेलं नाही आणि ठेवलं तर परत काढता आलेलं नाही. तो घड्याळाचा खिसा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लिव्हाइसने कामगारांसाठी पँटी शिवायला घेतल्या, तेव्हा घड्याळ खिशात राहायचं. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढणं परवडेना, आणि तोवर बायकी समजलं जाणारं मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर आलं ते आलंच. खिसा मात्र पँटीला राहिला तो राहिलाच. आमच्या लहानपणी शिंपीही पँटीचं माप घेताना विचारायचा, "वॉच पॉकेट ठेवायचा?" कमरेच्या पट्टीखाली, दोन बोटं जातील एवढा. वडील ठेवायला सांगत. घड्याळ हातावर होतं, त्यामुळे खिसा रिकामा, आणि रिकाम्या खिशात दहाची घडी केलेली एक नोट कायम असे. ती अडीअडचणीची. ती खर्च झालेली मला आठवत नाही. पँट धुवायला टाकताना आई ती काढी आणि इस्त्री होऊन आली की परत ठेवी.

एचएमटीबद्दल सोवळेवाला बोलायला लागला की त्याचा आवाज कीर्तनकाराचा होतो. हिंदुस्तान मशीन टूल्स ही यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी. तिने जपानच्या सिटिझनशी करार करून १९६१ साली बंगळुरात घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे घड्याळ म्हणजे स्विस, फेवर ल्युबा नाहीतर वेस्ट एंड, आणि तेही ज्याला परवडेल त्याला. एचएमटीने कारकुनाच्या, मास्तरच्या, कंडक्टरच्या हातावर घड्याळ आणलं आणि नावही कसं ठेवलं, तर 'जनता'. देवनागरी आकड्यांची तबकडीसुद्धा काढली. अंधांसाठी ब्रेल घड्याळ काढलं. मग १९८७ साली टायटनची क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारी, घड्याळं दुकानांत आली. पातळ, चकाकती, किल्ली नको, काही नको. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. जनताचं बॅलन्स व्हील, म्हणजे आतलं झुलतं चाक, सेकंदाला पाच ठोके देतं. अचूकपणाची स्पर्धा तिथंच निकालात निघाली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या बातमीनंतर देशभर ड्रॉवर उपसले गेले. आमचाही.

इथं माझी एक फजिती सांगून टाकतो, कारण टोळक्यात ती दर महिन्याला सांगितली जाते. वडिलांच्या घड्याळाला जोड म्हणून मी मुंबईच्या एका बाजारातून फूटपाथवर एचएमटी पायलट घेतलं. काळी तबकडी, चमकणारे काटे, विमानदलाचा थाट. घासाघीस करून सतराशेला. रविवारी टपरीवर ते मनगटावर मिरवत गेलो, मुद्दाम खाकी शर्टावर. सोवळेवाल्याने खिशातून भिंग काढलं. दोन मिनिटं पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या स्वरात म्हणाला, "तबकडी रंगवलेली आहे." मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, अक्षरं कडेला फुटली होती, आणि चारच्या आकड्यापाशी कुंचल्याचा एक केस रंगात कायमचा अडकला होता. आतलं यंत्र एका घड्याळाचं, काटे दुसऱ्याचे, डबी तिसऱ्याची. अशा घड्याळाला जगभरच्या शौकिनांत 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सतराशे रुपये गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्या शहराचं नाव कुठे कुठे पोचलंय याचा एक विचित्र अभिमानही वाटला. आणि एक सांगू? ते रंगवलेलं घड्याळ दिवसाला दहा सेकंदांच्या वर चुकत नाही. सोवळेवाल्याचं अस्सल घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं.

वडिलांचं घड्याळ ड्रॉवरमधून निघालं ते बंदच होतं. हलवलं की पाचसहा ठोके द्यायचं, पुन्हा गप्प. आमच्या भागात एक घड्याळजी उरलेत. जिन्याखाली, माणूस बसला की ग्राहकाने रस्त्यावरच उभं राहावं एवढी जागा. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "हे बघितलंय का कधी?" झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेले बारीक आकडे होते. घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर तारीख टाकून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तक्रार आली तर तेलपाणी कधी झालं ते कळावं. ४-६-७५. ११-६-७८. २-६-८२. ९-६-८५. वेगवेगळी अक्षरं, पण महिना एकच. दरवेळी जून, पाऊस लागायच्या तोंडावर. रुमाल बांधणारा माणूस तेवढ्यावर विसंबून नव्हता तर.

८५ नंतर मात्र एकदम ३-६-९१. मधली सहा वर्षं घड्याळ उघडलं गेलं नव्हतं. मी रस्त्यावर उभ्या उभ्या हिशेब केला. ८६ साली मी दहावीला, मग माझं हॉस्टेल, मग बहिणीचं डिप्लोमाचं कॉलेज. त्या वर्षांत घड्याळ मागे पडायचं हे मला आठवतं, कारण वडील स्टँडवर नेहमी वेळेच्या फार आधी जाऊन उभे राहत. आम्ही त्यांना हसायचो.

"पट्टा कुठला देऊ?" घड्याळजींनी विचारलं. मी पट्टेवाल्याचा शिष्य, म्हणून टॅन मागितला, शक्य तर शिलाई पांढरी. त्यांनी पेटीतून चार पट्टे काढून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "काळा घ्या," ते म्हणाले. "मळखाऊ आहे."

मी तरीही टॅनच घेतला. काय करणार, त्या रविवारसाठी गडद निळा लिननचा शर्ट काढून ठेवला होता.

आणि तो रविवार उजाडला. शर्ट आउट, बाही बरोबर दोन घड्या, खाली फिकट खाकी पँट, पायात मोज्यांशिवाय बूट. घड्याळाला किल्ली दिली. आवाज घट्ट झाला तिथं थांबलो. मग एक घडी उलगडली, कारण दोन घड्या मुद्दाम केल्यासारख्या दिसत होत्या. मग ती परत घातली. बायको दारात उभी राहून हे बघत होती.

"कुणाचं काही आहे का आज?"

"छे गं. सहजच चाललोय. टपरीवर."

"सहज?" तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळावर तिचा विश्वास नाही; ते बघून ती कुकरसुद्धा लावत नाही. "वीस मिनिटं झाली तुम्ही सहज जाताय. मग जाता जाता दळण टाका आणि येताना घेऊन या."

गिरणीत रविवारची गर्दी होती. नंबर लागेपर्यंत तिथंच थांबावं लागलं. टपरीवर पोचलो तेव्हा डबा खांद्यावर होता आणि गडद निळ्या लिननवर खांद्यापासून खिशापर्यंत ज्वारीचं पीठ बसलं होतं. शर्टवाला काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. पट्टेवाल्याने मनगट हातात घेऊन शिलाई तपासली. सोवळेवाल्याने भिंग काढलं, घड्याळाच्या काचेवरचं पीठ फुंकरीने उडवलं आणि विचारलं,

"झाकण उघडलं होतं ना? आत तारखा आहेत का रे?"

मी डबा खाली ठेवला आणि सांगायला लागलो.