तुम्ही विचारलंत म्हणून: आमचे सात आमदार

फोनवर मामा विचारतो, पुण्याला गेले की सोसायटीतले विचारतात, आणि इथे नव्याने आलेली मराठी मुलंही विचारतात, "तुमचा आमदार कोण?" मी सांगते, "सात जण आहेत." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे आपल्या महापालिकेच्या प्रभागासारखंच ना?" नाही, तसं नाही. फोनवर हे सांगताना दर वेळी अर्ध्यातच राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी 2008 पासून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात, होबार्टला राहते. आमच्या मतदारसंघाचं नाव क्लार्क. डर्वेंट नदीचा पश्चिम काठ, पाठीशी कुनान्यी म्हणजे माउंट वेलिंग्टनचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळी वस्ती. दक्षिणेला सँडी बे: विद्यापीठ, जुनी घरं, बऱ्यापैकी पैसा. मधे शहर. उत्तरेला ग्लेनॉर्की, पुढे क्लेअरमाँटचा कॅडबरीचा कारखाना, वाटेत जस्ताचा कारखाना, कामगारांची वस्ती. गाडीने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो, पण तेवढ्यात तीन वेगवेगळी राजकारणं लागतात.

2018 पर्यंत या मतदारसंघाचं नाव डेनिसन होतं. सर विल्यम डेनिसन हे इथले लेफ्टनंट गव्हर्नर. हेच गृहस्थ पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले आणि 1863च्या अखेरीस काही आठवडे हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही होते. हे कळल्यावर मामाला आमच्या मतदारसंघात एकदम रस वाटायला लागला. नवं नाव आहे अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांचं. ते टास्मानियाचे वकील आणि ॲटर्नी जनरल. थॉमस हेअर या इंग्रज माणसाच्या कल्पनेवर काम करून त्यांनी मतमोजणीची जी रीत बसवली, तिला 'हेअर-क्लार्क' म्हणतात. 1897 साली ती होबार्ट आणि लाँसेस्टनमध्ये वापरून पाहिली गेली आणि 1909 पासून पूर्ण राज्यात लागू झाली. ज्यांच्या डोक्यातून ही मोजणी निघाली त्यांचंच नाव अखेर मतदारसंघाला मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता प्रभागाचं. पुण्यात चार जणांचा प्रभाग असला तरी अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती असतात. पॅनल चाललं की चाळीस टक्के मतांवर चारही जागा एकाच पक्षाच्या होऊ शकतात आणि उरलेल्या साठ टक्क्यांचं सभागृहात कुणीच नसतं. आमच्याकडे लढत एकच, जागा सात. ही पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार जसं पसंतीक्रमाने मत देतात तसंच इथे सामान्य मतदार देतो. जून 2022 मध्ये चंद्रकांत हंडोरे पडले आणि भाई जगताप आले, तेव्हा अख्खा महाराष्ट्र रात्री कोटा, पहिल्या पसंतीची मतं आणि अतिरिक्त मतं यांचे हिशेब करत होता. तोच हिशेब आमच्याकडे दर निवडणुकीला शाळेच्या हॉलमध्ये पेन्सिलने आकडे लिहिणारे हजारो लोक घडवतात.

सात जागा असल्या की कोटा वैध मतांच्या साडेबारा टक्क्यांहून जरासा जास्त. तो गाठला की जागा पक्की. कोट्याच्या वरची मतं कमी वजनाने पुढच्या पसंतीकडे जातात. सर्वांत तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतंही पुढच्या पसंतीकडे जातात. मतपत्रिकेवर निदान सात आकडे लिहावेच लागतात. टपालाच्या मतांसाठी साधारण दहा दिवस थांबतात आणि मगच पसंतींचं वाटप सुरू होतं, म्हणून आमच्याकडे शनिवारी मतदान झालं तरी सातवं नाव कळायला पंधरवडा जातो.

सगळी गंमत त्या शेवटच्या नावात असते. या मतदारसंघाचे गेल्या काही दशकांचे निकाल मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. पहिल्या तीन-चार जागा बहुधा मतदानाच्या रात्रीच कळतात. राज्याचं राजकारण मात्र अनेकदा शेवटच्या जागेने फिरवलं आहे, आणि ती जागा किती मतांना मिळेल हे कुणीतरी आधीच, कायद्यात एक आकडा लिहून, ठरवलेलं असतं.

तो आकडा पन्नास वर्षं सहा होता. सहा जागांत तीन मिळवायला 43 टक्के मतं पुरतात, चौथीसाठी 57 लागतात. दोन मोठे पक्ष असले की तीन-तीन हे ठरलेलंच. 1955 आणि 1956 अशा दोन्ही निवडणुकांत विधानसभा 15 विरुद्ध 15 अशी अडकली, तेव्हा 1959 पासून राज्यातल्या पाचही मतदारसंघांना सात-सात जागा दिल्या.

मग आलं 1979 साल. त्या निवडणुकीत डेनिसनमधल्या लेबर पक्षाच्या काही उमेदवारांनी खर्चाची मर्यादा ओलांडली. मर्यादा होती फक्त 1500 डॉलरची. सुप्रीम कोर्टाने (इथे ते राज्याचं असतं) निवडणूकच रद्द ठरवली आणि फेब्रुवारी 1980 मध्ये सातही जागांसाठी एकत्र पोटनिवडणूक झाली. याच वेळी मतपत्रिकेत एक नवी गोष्ट आली. नील रॉबसन नावाच्या लिबरल आमदाराने आग्रह धरला होता की एकाच पक्षाच्या उमेदवारांची नावं प्रत्येक मतपत्रिकेवर वेगळ्या क्रमाने छापावीत. माझ्या पत्रिकेवर जो सर्वांत वर, तो शेजारणीच्या पत्रिकेवर चौथा. त्यामुळे पक्षाने यादी ठरवून वरच्याला निवडून आणणं संपलं. आमच्याकडे उमेदवाराचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच पक्षाचा, त्याच्याच रकान्यातला असतो. मला ही पद्धत फार आवडते, हे लपवत नाही. तिकीट मिळालं म्हणजे आमदारकी मिळाली असं इथे होत नाही.

त्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट्स पक्षाचे नॉर्म सँडर्स निवडून आले. 1982 मध्ये 35 जणांच्या सभागृहात लेबर आणि लिबरल सोडून दोघेच होते, त्यांतले एक ते. तेव्हा फ्रँकलिन नदीवरच्या धरणाचा वाद पेटला होता. डिसेंबर 1982 मध्ये नदीकाठी सत्याग्रह सुरू झाला (मला तरी दुसरा शब्द सुचत नाही), शेकडो लोक पकडले गेले आणि सँडर्स यांनी राजीनामा दिला. इथे अशा रिकाम्या जागेसाठी पुन्हा मतदान घेत नाहीत. ज्या मतपत्रिकांवर तो माणूस निवडून आला होता त्याच पुन्हा काढतात आणि त्यांवरची पुढची पसंती कुणाला आहे ते मोजतात. सँडर्स यांच्या मतदारांनी पुढे कुणाचं नाव लिहिलं होतं? मे 1982 मध्ये अपक्ष उभा राहून पडलेल्या एका डॉक्टरचं. तो डॉक्टर, बॉब ब्राउन, त्या दिवसांत त्याच सत्याग्रहापायी रिझडनच्या तुरुंगात 19 दिवस होता. जानेवारी 1983 मध्ये तुरुंगातून सुटला आणि विधानसभेत जाऊन बसला. 1 जुलै 1983 रोजी हायकोर्टाने, म्हणजे इथल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवलं.

हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. हजारो लोकांनी सात महिन्यांपूर्वी पेन्सिलीने लिहिलेली दुसरी-तिसरी पसंती पेटीत पडून होती आणि नेमकी वेळ आल्यावर ती बोलली. 1989 मध्ये पाचही मतदारसंघांतून एकेक 'हिरवा', म्हणजे पर्यावरणवादी, अपक्ष निवडून आला आणि लिबरल सरकार गेलं.

मोठ्या पक्षांना हे झोंबलं. 1998 मध्ये लेबर आणि लिबरल यांनी मिळून जागा सातावरून पाचावर आणल्या. कारण दिलं काटकसरीचं. पण पाच जागांत कोटा साडेबारावरून 16.7 टक्क्यांवर जातो, हे गणित दोघांनाही पाठ होतं. लगेच झालेल्या निवडणुकीत ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाचे चारांपैकी तीन आमदार गेले. राहिल्या एकट्या पेग पट, त्या आमच्या डेनिसनच्या. पुढची 26 वर्षं 25 जणांचं सभागृह राहिलं. त्यातूनच मंत्री काढायचे, त्यातूनच समित्या भरायच्या. माझ्या मते ती चूक होती.

2002 आणि 2006 मध्ये डेनिसनचा निकाल होता लेबर 3, लिबरल 1, ग्रीन्स 1. 2010 मध्ये तो 2-2-1 झाला. ती मी इथे पाहिलेली पहिली मोजणी. मला मत नव्हतं, पण रोज आकडे बघत होते. शेवटच्या जागेसाठी लिबरलच्या एलिस आर्चर आणि अपक्ष अँड्र्यू विल्की यांच्यात अटीतटीची लढत होती आणि विल्की 315 मतांनी हरले. पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, देशाच्या संसदेची निवडणूक झाली. डेनिसन नावाचाच मतदारसंघ, हीच वस्ती, पण जागा एकच. विल्की पहिल्या पसंतीत तिसरे होते, 21 टक्के मतांवर. पसंतींचं वाटप होत गेलं आणि ते निवडून आले. त्रिशंकू संसदेत सरकार कुणाचं, हे ठरवणाऱ्या मोजक्या खासदारांत जाऊन बसले. आजही तेच खासदार आहेत. जो माणूस पाचांत बसला नाही तो एकात बसला! मामाला हे पटायला मला दोन फोन लागले. शेवटी कागदावर आकडे मांडून फोटो पाठवला.

मी पहिल्यांदा मत दिलं मार्च 2014 मध्ये. राज्यात लिबरलची लाट होती, 10 वरून 15 जागा. डेनिसनचा निकाल? 2-2-1. 2018 मध्ये पुन्हा 2-2-1. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल इथे काही घडतच नाही. पण माणसं बदलत होती. 2018 मध्ये होबार्टच्या तेव्हाच्या महापौर सू हिकी लिबरलकडून आल्या. पक्षाचं बहुमत अवघ्या एका जागेचं होतं आणि पहिल्याच दिवशी लेबर आणि ग्रीन्सच्या मतांवर त्या विधानसभा अध्यक्ष झाल्या, स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध. रकान्यातल्या सोबत्यांशी लढून आलेल्या माणसाला पक्षाची भीती कमी वाटत असावी, असं मला वाटतं. 2021 मध्ये त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. दुसऱ्या अपक्ष, ग्लेनॉर्कीच्या महापौर क्रिस्टी जॉन्स्टन, आल्या आणि लेबरकडे एकच जागा राहिली. कामगार वस्तीच्या उत्तर भागाने पक्ष सोडला, पण प्रतिनिधी सोडला नाही.

मार्च 2024 मध्ये पुन्हा सात जागा झाल्या आणि क्लार्कचा निकाल आला लेबर 2, लिबरल 2, ग्रीन्स 2, अपक्ष 1. सरकार टिकलं नाही. जुलै 2025 मध्ये परत मतदान झालं, निकाल पुन्हा तोच, 2-2-2-1. मी तो आकडा पाहते तेव्हा मला सँडी बे दिसतं, शहराचा मध्य दिसतो, ग्लेनॉर्की दिसतं.

"पण सात जण म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही," असं मामा म्हणतो. शंका रास्त आहे. अनुभव सांगते. आमच्या भागातल्या बसच्या वेळा बदलल्या आणि शाळेच्या मुलांची पंचाईत झाली, तेव्हा मी सगळ्यांना एकच पत्र पाठवलं. एका कार्यालयातून दुसऱ्या दिवशी फोन आला. आठवड्यात दुसरीकडूनही आला, आणि त्या बाईंनी पहिल्या कार्यालयाने काय उत्तर दिलं ते आवर्जून विचारलं. एकाच पक्षाची ती दोन कार्यालयं होती.

2025 मध्ये मुलीचं पहिलं मतदान होतं. थंडी कडाक्याची, बाहेर पावात सॉसेज घालून विकणाऱ्या पालकांची रांग. आत ती किती वेळ उभी होती! सात आकडे लिहून बाहेर येईल असं वाटलं होतं, पण तिने एकूण एक चौकोन भरला, अगदी जो मुळीच नको त्याच्या नावापुढचा शेवटचा आकडासुद्धा. निकाल पुरा लागल्यावर मी सातही नावं मामाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "यातला तुझा कोण?"

माझी पहिली पसंती बाद झाली होती आणि दुसरीही. तिसरी निवडून आली. तेच नाव मी त्याला कळवलं.