आमची वाटचाल : एका वायसरची उधारी नाही

नाशिकच्या भद्रकालीतलं आमचं हार्डवेअरचं दुकान वडिलांनी थाटलं, मी वाढवलं. कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, नळाचं सामान. ती वर्षं बरी गेली. सांगायचंय ते 2016 चं.

एका ठेकेदाराला दोन इमारतींचं फिटिंग उधारीवर दिलं होतं, नुसत्या शब्दावर. वडिलांपासून धंदा तसाच चालत आलेला. दिवाळी झाली की हिशेब मिटवतो म्हणाला. 8 नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि त्याला सबब मिळाली. चेक दिला, तो दोनदा परत आला. इकडे घाऊक व्यापाऱ्याने माल थांबवला. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, कामावरच्या पोराला घरी बसवावं लागलं. ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्या इमारती मात्र उभ्या आहेत, तिथे आमच्याच नळांतून पाणी येतं.

त्याच दिवसांत एक निवृत्त बाई आल्या, शाळेत शिकवायच्या. प्लंबर एका वायसरसाठी फिरकत नव्हता. म्हणाल्या, "भाऊ, मला दाखवा. मी करते."

गिऱ्हाईक नव्हतंच. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, जुना नळ धरून दाखवलं. आधी कॉक बंद. मग नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू गेलाच म्हणून समजा. पान्हा नटाला गच्च बसवा, ढिला राहिला तर नटाचे कोपरे खातो. अर्ध्या इंची वायसर बदलून बाईंनी नळ स्वतः बसवला. जाताना आठ इंची पान्हाही घेतला, टपारिया कंपनीचा, आमच्या सातपूरचा. आठवड्याने चार शेजारणी घेऊन आल्या. तिथून शनिवारची शिकवणी सुरू झाली, फी नाही. माणसं शिकायला येत, जाताना टेस्टर, पक्कड, कानस घेऊन जात. दुकान त्यावर सावरलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. नळ गळतो म्हणून जोर लावून आवळू नका, वायसर कापला जातो आणि खालची बैठक झिजते. श्रावणात दार अडकलं की लगेच रंधा मारू नका. लाकूड ओलीने फुगलेलं असतं, उन्हाळ्यात तिथेच फट पडेल. पटाशी ग्राइंडरवर दाबून धरू नका, मधूनमधून पाण्यात बुडवा. धार निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. आणि हत्यारांना स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते चिकटून बसतं. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, कोरडं फडकं, बस्स.

बाई दर मृगाआधी पान्हा घेऊन येत. मी पुसून, तेल घालून द्यायचो. यंदा नातीला पाठवलं. पान्ह्याची दांडी थोडी काळवंडली आहे, पण आटे अंगठ्याने सहज फिरतात. नातीने नव्या घरासाठी वायसरचं पाकीट घेतलं. मी म्हटलं, राहू दे बेटा, नंतर दे. तिने रोख मोजले.