४८२ नंबरची दोन कार्डं आणि अडकलेलं पाकीट

ज्या पाकिटाच्या भरवशावर मी शिकागोजवळच्या रोझमाँटला भरलेल्या ‘नॅशनल’ या बेसबॉल कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या शोची सगळी आखणी केली होती, ते शो संपल्यावर नऊ दिवसांनी दारात आलं. आत काय होतं ते सांगतोच. पण कुणी पहिल्यांदा बेसबॉल कार्डांच्या मोठ्या शोला जाणार असेल, तर आधी एवढं ऐका: ग्रेडिंगला (अवस्था तपासून दहापैकी गुण लावून घ्यायला) पाठवलेलं कार्ड परत हातात पडेपर्यंत त्याचे पैसे हिशोबात धरू नका. मी धरले आणि अख्खा उन्हाळा जीव टांगणीला लागला.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो आणि टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचा १९७१ चा सेट पुरा करतोय. लहानपणी सांगलीत बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं वहीत चिकटवायचो. ती वही कधीच भरली नाही, म्हणूनही असेल, पण हा सेट पुरा करायचाच असं ठरवलंय. एकूण ७५२ कार्डं. भोवती काळी चौकट, फोटोवर खेळाडूची छापील सही. चौकट देखणी दिसते, पण कोपरा जरा घासला की आतला पांढरा पुठ्ठा डोकावतो, त्यामुळे स्वच्छ कार्ड मिळणं कठीण. त्यातही ६४४ ते ७५२ नंबरांची शेवटची मालिका. टॉप्स तेव्हा कार्डं टप्प्याटप्प्याने बाजारात आणायची. शेवटचा टप्पा येईपर्यंत मोसम उतरणीला लागलेला असे, मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेलं असे, खप कमी होई. म्हणून हे ‘हाय नंबर’ आजही कमी सापडतात. माझ्याकडे नसलेली ४१ कार्डं होती, त्यांतली ३३ याच मालिकेतली.

नॅशनल दरवर्षी भरतो, गाव बऱ्याचदा बदलतं. २०२५ मध्ये ३० जुलै ते ३ ऑगस्ट तो रोझमाँटला, म्हणजे माझ्या घरापासून पाऊण तासावर होता. सहाशे डॉलर साठवले होते. आठ कार्डं विकून आणखी सातशे उभे करायचे होते, आणि ग्रेड लागलेल्या कार्डाला भाव बरा येतो. बेसबॉलपटू रिकी हेंडरसन २० डिसेंबर २०२४ ला गेला. १,४०६ बेस चोरलेला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची (पिचरची) नजर चुकवून पळत पुढचा बेस गाठलेला माणूस. त्याच्या जवळपासही कुणी नाही. त्याचं १९८० चं टॉप्सचं कार्ड माझ्याकडे कितीतरी वर्षं होतं, आणि त्या डिसेंबरनंतर ओळखीतला जो तो त्याबद्दल विचारू लागला. ते आणि टोनी ग्विनचं १९८३ चं कार्ड, ही आठांतली मुख्य दोन. दोन्ही टॉप्सची. आणि दोन्हींचा नंबर ४८२.

फेब्रुवारीत ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. ओळीओळीने वर्ष, कंपनी, नंबर, खेळाडू, अंदाजे किंमत. दोनदा तपासून पाकीट पाठवलं. पंचेचाळीस कामाचे दिवस लागतील असं लिहिलं होतं. एप्रिल संपला. संकेतस्थळावर ‘ग्रेडिंग सुरू’. मे संपला, तेच दोन शब्द. फोन केला, पन्नास मिनिटं संगीत ऐकलं आणि मग उत्तर मिळालं, ‘रांगेत आहे.’ जूनमध्ये ईमेल पाठवला तर धीर धरल्याबद्दल आभार मानणारं ठरावीक उत्तर आलं, माझ्या ऑर्डरचा नंबरसुद्धा त्यात नव्हता. जुलैत पुन्हा फोन. या वेळी बाई म्हणाल्या, काही अडचण दिसत नाही. अडचण नाही तर कार्डं कुठे आहेत, याला उत्तर नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो पडदा उघडून बघायचो. बायको म्हणाली, अरे, आता शोचा नाद सोड. तेव्हा मात्र मी चिडलो.

त्या कंपनीचा स्टॉल शोमध्ये होता. गुरुवारी दार उघडताच तिथे गेलो आणि एक तास चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिलो. (हे करू नका. सकाळचे पहिले तास खरेदीचे असतात. तक्रार दुपारीही करता येते. मी रांगेत असताना समोरच्या टेबलावर एक माणूस १९७१ ची पूर्ण पेटी चाळत होता आणि मी नुसता बघत होतो.) काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, ऑर्डर मार्चपासून थांबवलेली आहे. पाकीट उघडताना कुणीतरी ग्विनचं कार्ड हेंडरसनच्या ओळीसमोर लावलं. नंबर जुळला, वर्ष जुळेना, म्हणून ‘ग्राहकाकडून खुलासा हवा’ असा शेरा मारून आठही कार्डं बाजूला ठेवली. मला कळवलं का नाही? ‘ईमेल गेला असेल.’ गेला नव्हता. पाठवण्याआधी मी प्रत्येक कार्डाचे पुढून-मागून फोटो काढले होते. ते दाखवले, तिने आत फोन लावला, आणि बारा मिनिटांत ऑर्डर मोकळी झाली. मार्च ते जुलै जे कुणी केलं नाही, ते बारा मिनिटांत झालं. त्या मुलीवर माझा राग नाही, तिने मनापासून मदत केली. पण तीन वेळा विचारूनही तो शेरा कुणी मला वाचून दाखवू नये, हे मला अजून पचलेलं नाही.

फोटो काढाच. आणि एकच नंबर असलेली दोन कार्डं कधीही एका पाकिटात पाठवू नका. पाठवलीच तर प्रत्येक होल्डरवर (कार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरवर) फॉर्ममधल्या ओळीचा क्रमांक चिकटवा.

आता यादीबद्दल. शोच्या आधीच्या रविवारी, पैसे येत नाहीत हे पक्कं झाल्यावर, मी ती नव्याने केली. ४१ वरून १७ वर आणली. क्लेमेंटे (६३०), विली मेज (६००), नोलन रायन (५१३) ही नामवंत खेळाडूंची तिन्ही कार्डं काढली, हात जड झाला तरी. ही कार्डं कुठल्याही शोमध्ये, कुठल्याही दिवशी, हवी त्या अवस्थेत मिळतात. प्रश्न फक्त पैशांचा. पण हाय नंबरमधले साधे खेळाडू बरेच डीलर एकेकटे ऑनलाइन टाकत नाहीत, त्यात मेहनत जास्त आणि सुटतं थोडं. ते पेट्यांमध्ये पडून असतात. शोला जायचं ते त्यांच्यासाठी. हे मला पैसे अडकल्यामुळे कळलं, आणि आता वाटतं की पैसे असते तर मी क्लेमेंटे घेऊन दुपारी घरी गेलो असतो.

नुसते नंबर लिहू नका. प्रत्येकापुढे कुठली अवस्था चालेल आणि जास्तीत जास्त किती देणार, हे लिहा. भाव बघताना विकल्या गेलेल्या कार्डांचे बघा, मागितलेले नाही. यादी कागदावर छापून न्या; एवढ्या गर्दीत माझ्या फोनला रेंजच मिळेना.

डस्टी बेकर आणि डॉन बेलर या खेळाडूंचं सामायिक पहिलं कार्ड, नंबर ७०९, याला मी साठ डॉलरची मर्यादा घातली होती. पहिल्याच टेबलावर पंचेचाळीसला दिसलं, कोपरे काळेभोर. छोटी बॅटरी तिरपी धरली तर कडेला जांभळट चमक. कार्ड उभं धरून धार पाहिली. तिथे पुठ्ठ्याचा पांढरा रंग दिसायला हवा, तिथेही शाई. मार्करने रंगवलेलं होतं. १९७१ च्या कार्डांत अशी फसवणूक नेहमी होते, त्यामुळे भिंग आणि बॅटरी विसरू नका. दुपारी एका वयस्कर डीलरकडे दुसरं मिळालं, एक कोपरा गोल झालेला, पण प्रामाणिक. बावन्न डॉलर. त्यांच्याच पेटीत आणखी नऊ नंबर निघाले. दहाही एकत्र समोर ठेवून एकच भाव विचारला. सुटी घेऊन जेवढे झाले असते त्यापेक्षा तीसेक डॉलर कमी लागले.

संध्याकाळपर्यंत सतरापैकी सोळा झाली. फक्त एक साधा पिचर राहिला. शेवटच्या दिवशी, रविवारी, भाव उतरतात म्हणतात, ते खरं असेल, पण हाय नंबरसाठी तोवर थांबू नका.

१२ ऑगस्टला पाकीट आलं. हेंडरसनला ७, ग्विनला ८. दोन्ही मी धरलं होतं त्याहून एकेक कमी. ग्विन विकलं. हेंडरसन टेबलावर आहे, नोव्हेंबरमध्ये जवळच एक छोटा शो आहे, तिथे क्लेमेंटेशी अदलाबदल होते का ते विचारणार आहे. नव्या यादीत पंचवीस नंबर आहेत, आणि त्या पिचरचा नंबर मी सगळ्यात वर लिहिलाय.