आमची वाटचाल : मूठभर काथ्याचा धंदा

कुडाळ तालुक्यात बांबू आणि काथ्या यांना तोटा नाही. माझ्या माहेरी नारळाची सोडणं कुजवून काथ्या काढायचे, सासरी माणगा जातीच्या बांबूच्या टोपल्या विणतात. फिंच, म्हणजे पिंजऱ्यात पाळायचे चिमणीसारखे छोटे पक्षी, त्यांच्या घरट्यांचा धंदा या दोन्हींतून निघाला, पण त्याला निमित्त झाले मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधले एक दुकानदार. त्यांना सुगरणीची जुनी घरटी हवी होती. मामंजींनी साफ सांगितलं, "रानातलं घरटं काढून विकायचं नाही. टोपली विणून देतो, चालली तर बघा."

चालली. झेब्रा फिंचसाठी आम्ही साधारण १२ सेंटीमीटरची गोल टोपली करतो, पुढून वाट ठेवलेली. बेंगाली फिंच तर मातीच्या मटकीतसुद्धा संसार मांडतात. गोल्डियन फिंचचं मात्र वेगळं. उत्तर ऑस्ट्रेलियात हा पक्षी निलगिरीच्या ढोलीत अंडी घालतो, म्हणून त्याला खोल, अंधारी लाकडी पेटी देतो. त्याच्या पिलांच्या चोचीच्या कडेला चकचकीत निळसर ठिपके असतात. काळोखात घास कुठे द्यायचा ते आईबापांना त्यावरून कळतं, असं मानतात. पेटीची पुढची फळी अर्धी उघडी ठेवा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

खरी गंमत काथ्याची आहे. घरट्यात रचायला पक्ष्यांना तो लागतो, म्हणून टोपलीसोबत आम्ही तोही विकतो. अंडी झाली तरी झेब्राच्या नराचं बांधकाम काही संपत नाही. पिंजऱ्यात काथ्या दिसला की तो आत नेऊन अंड्यांवरच रचतो, मादी वर नवी अंडी घालते आणि खालची थंड पडून वाया जातात. म्हणून आमचं पाकीट एका जोडीपुरतं, मूठभर. अंडी घालून झाली की उरलेला काथ्या बाहेर काढा, असं त्यावर छापलंय. दुकानदारांना किलोची पिशवी हवी असते. कमी माल विकायचा हट्ट धरणारी बाई त्यांना वेडीच वाटत असणार. पण पिलं जगली तर तेच गिऱ्हाईक पुढच्या जोडीसाठी परत येतं, हा हिशेब मला पटतो.

काथ्या आम्ही धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवतो आणि बोटभर लांबीचा कापतो. लांब धागा पिलांच्या पायाला गुंडाळला तर पाय जातो. कापूस आणि सुताच्या दशा याच कारणासाठी ठेवत नाही, कितीही मागणी असली तरी.

बांबूला रंग नाही, व्हार्निश नाही, कारण पक्षी तो कुरतडतात. भुंगा लागू नये म्हणून कापलेला बांबू पाण्यात मुरवून मग वाळवायचा. पावसाळ्यात हे सगळंच अडतं, कोकणची हवा बुरशीला फार प्रेमळ. तेव्हा वर्षाचा माल मेपर्यंत तयार ठेवावा लागतो.

कुरिअरने मात्र रडवलं. वजन काहीच नाही, पण खोक्याच्या आकारावर पैसे लागतात. मग आमच्या जाऊबाईंनी टोपलीचं झाकण सुटं केलं. आता टोपल्या एकात एक बसतात, आणि पाळणाऱ्याला झाकण उचलून अंडी बघता येतात.

लाल मुनियासाठी टोपली मागणाऱ्याला माल देत नाही. देशी मुनिया पाळणं आणि विकणं गुन्हा आहे. गोल्डियनवाल्यांची मागणी थंडीत एकदम येते आणि पेट्या करणारा सुतार एकच आहे, त्यामुळे ऑर्डर नवरात्रापर्यंत नोंदवलेली बरी.